नागपूरहून नाशिकला: सकाळ घोड्यांची, दुपार द्राक्षांची

नागपूरचा माणूस नाशिकला जातो तो त्र्यंबकेश्वराला, नाहीतर शिर्डी करून परतताना पंचवटीला. त्याच फेरीत एक दिवस जास्तीचा काढा, असं मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत असते. त्या दिवसाची सकाळ घोड्यांच्या फार्मवर घालवायची आणि दुपारनंतर वायनरीत जायचं. मी पशुवैद्यक आहे, शिक्षण सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात झालं. नवरा काटोलचा, संत्र्याच्या बागेत वाढलेला. त्यामुळे घोडा कसा बघायचा हे मला कळतं आणि बाग कशी बघायची हे त्याला. दोघांचं मिळून जे हाताशी आहे ते इथे लिहून ठेवते.

आधी क्रम पक्का करा. घोडे आधी, वाइन नंतर. वेळ जुळत नसेल तर दोन्हींपैकी एक सोडून द्या, पण क्रम उलटवू नका. घोड्यावर बसलेल्या माणसाचा तोल, हाताची पकड आणि झटकन सावरण्याची ताकद ही तिन्ही एका पेल्यानेही ढिली पडतात. खाली साडेतीनशे किलोचं जनावर असतं आणि ते मुळात घाबरून पळण्यासाठीच घडलेलं आहे. शिवाय घोड्यांची खरी वेळ सकाळचीच. ऊन चढलं की त्यांना सावली आणि पाणी हवं असतं, पाहुणे नकोत.

दुसरं म्हणजे एका दिवसात एक फार्म आणि एकच वायनरी. नाशिकला तीन-तीन वायनऱ्या एका दुपारी उरकणारे पुष्कळ भेटतात. त्यांना शेवटच्या ठिकाणचं काही आठवत नाही. ह्या दोन्ही जागा कामाच्या आहेत, तिथे माणसं पहाटेपासून राबत असतात, आणि त्या माणसांशी निवांत बोलायला मिळालं तरच दिवस सत्कारणी लागतो.

कधी आणि कसं

जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत जा. वाइनच्या द्राक्षांची तोडणी तेव्हा चालू असते, वायनरीत क्रेटच्या क्रेट येत असतात, टाक्यांत रस आंबत असतो. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं हिरवंगार आणि देखणं असतं, फोटो छान येतात, पण वेलीवर घड नसतात आणि यंत्रं धुऊन झाकून ठेवलेली असतात. थंड प्रदेशात वेल हिवाळ्यात आपोआप झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. फळ येतं ते दुसरीनंतरच. संत्रावाल्यांनी आपला आंबिया बहार डोळ्यांसमोर आणावा. आपण झाडाला पाण्याचा ताण देऊन फुलावर आणतो, द्राक्षवाले कात्री लावून आणतात.

जाताना 26 जानेवारी टाळा. जोडून सुटी आली की सगळ्यांना तोच दिवस सुचतो, आणि तो ड्राय डे असतो. मतदान आणि मतमोजणीच्या तारखाही बघून घ्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी लोटते, तेव्हा आठवड्याच्या मधला वार काढता आला तर सोनं.

रेल्वेने जायचं तर सेवाग्राम एक्सप्रेस बरी. रात्री नागपुरातून सुटते, सकाळी नाशिक रोडला सोडते. त्या दिवशी त्र्यंबक करा, रात्री गंगापूर रोडच्या बाजूला मुक्काम करा, आणि दुसरी सकाळ घोड्यांसाठी ठेवा. रात्रभर गाडीत अवघडलेलं अंग घेऊन थेट खोगिरावर बसू नये. विदर्भ एक्सप्रेस जाताना नाशिकला भलत्या वेळी, मध्यरात्रीनंतर पोचवते, पण परतीला फार सोयीची पडते. वेळा तिकीट काढताना पुन्हा तपासा, बदलत असतात.

कारने जाणाऱ्यांना समृद्धी आहेच. शिवमडक्याला चढायचं, सिन्नरजवळ गोंदेला उतरायचं आणि तिथून नाशिक. सहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर होतं. टायर जुने असतील तर ह्या रस्त्यावर नेऊ नका. तासन् तास एकाच वेगाने काँक्रीटवर चालून ते तापतात आणि फुटतात. निघायच्या आधी, टायर थंड असताना हवा तपासून घ्या. दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावलं चाला. सरळ रस्त्याची एक गुंगी येते आणि ती झोपेपेक्षा वाईट.

नाशिकात मात्र त्या दिवसापुरती आपली कार मुक्कामी उभी ठेवा आणि चालकासकट गाडी ठरवा. वाइन चाखणारा माणूस स्टिअरिंगवर बसणार नाही, हे घरातून निघतानाच ठरलेलं असावं. तिथे गेल्यावर “दोनच घोट तर घेतले” हा वाद होतो, आणि सोबत मुलं असतात.

फार्म निवडताना फोनवर काय विचारायचं

नाशिकच्या आसपास घोडेस्वारी शिकवणारे आणि घोडे पाळणारे फार्म आहेत. मुक्कामाच्या हॉटेलात विचारलं तरी दोन-चार नंबर मिळतात. किती पैसे, हे शेवटी विचारा. आधी विचारा की सकाळी चारा किती वाजता घालता आणि आम्ही त्या वेळी आलो तर चालेल का. ज्या फार्मवर तबेला बघू देतात तिथेच जा. नुसतं मैदानात घोडा आणून फेरी मारून देणारे असतील, तर नागपुरात वरातीच्या घोडीवर बसल्यासारखंच होईल, त्यासाठी सहाशे किलोमीटर नकोत.

मग विचारा की हेल्मेट आहेत का आणि लहान मुलांच्या मापाची आहेत का. “लागत नाही हो, आमचे घोडे शांत आहेत,” असं उत्तर आलं तर फोन ठेवा. शांत घोडासुद्धा प्लास्टिकची पिशवी उडाली की बुजतो. तिसरा प्रश्न वजनाचा. घोड्याने त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं वाहू नये, असा साधारण हिशोब आहे. साडेतीनशे किलोचा घोडा म्हणजे खोगिरासकट सत्तर किलो. तुम्ही नव्वद किलोचे असाल आणि समोरचा काहीही न विचारता “या, बसवतो” म्हणत असेल, तर तो घोड्याच्या पाठीचा विचार करत नाही. चांगला फार्म वजन आधी विचारतो, आणि जास्त असेल तर सरळ नाही म्हणतो. त्याचा राग मानू नका. अशा माणसाने घोड्यासोबत चालायला, त्याला खरारा करायला मागावं. मला विचाराल तर त्यात बसण्याइतकाच आनंद आहे.

तबेल्यात पाय ठेवल्यावर

पहिल्यांदा नाक वापरा. लीद आणि कडबा ह्यांचा वास असणारच, तो वाईट नसतो. पण डोळे चुरचुरावेत असा उग्र दर्प आला तर मुताने भिजलेलं अंथरूण दिवसेंदिवस बदललेलं नाही असं समजा. त्या हवेत घोड्याची फुफ्फुसं खराब होतात. मग पाण्याकडे बघा. एका घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात आणखी. हौदात शेवाळ असेल किंवा बादली रिकामी असेल तर बाकीचं काही बघायची गरज नाही.

घोडा बघताना पाठीचा उंचवटा, म्हणजे मान संपते तिथली जागा, आणि पोटाखाली तंग बांधतात ती जागा नीट बघा. खोगीर नीट बसत नसेल तर तिथे केस गळालेले, पांढरे झालेले किंवा जखमा दिसतात. बरगड्या नुसत्या नजरेने मोजता येऊ नयेत, पण हात फिरवल्यावर बोटांना लागाव्यात. डोळे ओले-चमकदार, कान हलते, लीद गोळ्यागोळ्यांची, ही सगळी तब्येत चांगली असल्याची खूण.

आम्ही गेलो होतो त्या फार्मवर एक वयस्क मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, घोडीचे खूर साफ करत होते. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. त्यांनी घोडीच्या खांद्याला आपला खांदा लावला, तळहात कोपरापासून खाली सरकवत नेला आणि घोट्याच्या वर नुसता चिमटीत धरला. घोडीने पाय आपणहून उचलून त्यांच्या मांडीवर दिला. मग आकडीने टाचेकडून पुढे माती काढत गेले, तळव्याच्या मधला त्रिकोणी मऊ भाग अंगठ्याने दाबून पाहिला, आणि अंगठा नाकाशी नेला. खूर कुजायला लागला की आधी वास येतो, सूज नंतर. हे मी पुस्तकात शिकले होते, पण इतक्या सहज केलेलं फार कमी वेळा बघितलंय. “ताई, नाल बदलायला आठ दिवस राहिले,” ते म्हणाले. मी विचारलंच नव्हतं. नाल दर सहा ते आठ आठवड्यांनी बदलावी लागते, कारण खूर नखासारखा वाढत राहतो. ज्याला आपल्या प्रत्येक घोड्याची नालेची तारीख तोंडपाठ आहे, त्याच्या घोड्यावर मी लेकराला बिनधास्त बसवीन.

जवळ जायची रीत सांगते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळपास चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते थेट नाकासमोरचं थोडं आणि थेट शेपटीमागचं. म्हणून समोरून डोक्यावर हात टाकू नका आणि मागून तर मुळीच जाऊ नका. डाव्या खांद्याच्या रोखाने, बोलत बोलत जा. काय बोलता ह्याला महत्त्व नाही. नाव घ्या, “काय म्हणते बाई, जेवली का” म्हणा, आवाज शांत हवा. पहिला हात खांद्यावर ठेवा आणि थोपटण्यापेक्षा चोळा. कान पुढे वळले म्हणजे तिला तुमच्यात रस आहे. कान मागे चपटे झाले, शेपटी फटकारली, तर दोन पावलं मागे या. शिंगरू बरोबर असलेल्या घोडीच्या खणात मोतद्दार नसताना कुणीही शिरू नये, कितीही गोड दिसलं तरी.

खायला घालायची सगळ्यांना हौस असते, मुलांना जास्तच. विचारल्याशिवाय काहीही घालू नका. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं पुढेच जायला हवं, आणि नाही गेलं तर पोटशूळ उठतो, त्यात घोडा दगावतोही. चपाती, बिस्किटं, आणि आपण नागपूरकर प्रेमाने बॅगेत नेतो ती संत्राबर्फी, ह्यांतलं काही तबेल्यात काढू नका. मोतद्दार हो म्हणाले तर गाजराचे लांब उभे तुकडे करून, तळहात सपाट ठेवून, अंगठा बोटांना चिकटवून द्या. घोडा चावा म्हणून घेत नाही, पण वर आलेला अंगठा त्याला गाजरच वाटतो.

जाती विचारा, फार्मवाल्यांची कळी खुलते. मारवाडी घोड्याचे कान आतल्या बाजूला वळलेले असतात, टोकं एकमेकांना टेकतात, ते बघायलाच हवेत. काही मारवाडी घोडे जन्मतःच रेवाल चाल चालतात, त्यात स्वाराला हिसका बसत नाही. काठेवाडीचे कानही तसेच वळतात. भीमथडी दिसली तर मात्र थांबा. भीमेच्या खोऱ्यातली ही आपली दख्खनी घोड्याची जात. बुटकी, काटक, अजूनही मेंढपाळांचा संसार पाठीवर घेऊन शेकडो किलोमीटर फिरते. मराठा फौजांचा भरवसा ज्या दख्खनी घोड्यांवर होता त्यांच्याच रक्ताची. आता तिची देशातली स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे, ह्याचा मला पशुवैद्यक म्हणून फार आनंद आहे. रंगाला घोडेवाल्यांचे शब्द वेगळे असतात. नुकरा म्हणजे पांढरा, अबलख म्हणजे पांढऱ्यात दुसऱ्या रंगाचे पट्टे असलेला, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी. चारही पाय आणि तोंडावर पांढरं असलं की पंचकल्याणी. पंचकल्याणीचा भाव वेगळाच असतो, आणि तो कसा ठरतो हे त्यांच्या तोंडून ऐकावं. घोड्यांचा नाद लागलाच तर मार्गशीर्षात, दत्त जयंतीला, नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याची यात्रा भरते, तापीकाठी. तिथे एका ठिकाणी इतके घोडे दिसतात की पाय निघत नाही. पण तो वेगळा प्रवास.

आता बसायचं. फुल पँट, टाच असलेले बंद बूट, ओढणी-स्कार्फ काढून ठेवलेला. गुळगुळीत तळव्याच्या चपला रिकिबीतून पुढे सरकतात आणि पडताना पाय अडकतो, अपघात तिथेच होतो. बूट असला तरी पायाचा फक्त पुढचा भाग रिकिबीत ठेवा, टाच खाली दाबा. डावीकडून चढा, खोगिरावर धपकन बसू नका, हळू टेका. लगाम तोल सावरायची दोरी नाही. तिचं दुसरं टोक घोड्याच्या तोंडात असतं. तोल गेला तर आयाळ धरा, घोड्याला दुखत नाही. पहिल्यांदा बसणाऱ्याला अर्धा तास पुरे. चालीवर तोल आला, दुडकीवर दहा पावलं गेलात, झालं. रपेटीचा हट्ट धरू नका. उतरल्यावर मांड्या थरथरतात, ते चांगलंच.

धनुर्वाताचं इंजेक्शन मागे कधी घेतलंय ते घरून निघतानाच आठवा. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत त्याचे जंतू असतात. साधं खरचटलं तरी साबणाने धुवा आणि डॉक्टरला दाखवा.

मधले पाच-सहा तास

साडेनऊ-दहाला फार्म सोडा आणि मुक्कामी येऊन अंघोळ करा, कपडे बदला. हे टाळू नका. वायनरीत नाकाचंच काम असतं आणि अंगाला कडब्याचा वास असेल तर काही कळणार नाही. त्याच कारणाने अत्तर-परफ्यूमही लावू नका.

नाष्ट्याला नाशिकची मिसळ खा, पापडासोबत देतात. दुपारचं जेवण मात्र सौम्य आणि पोटभर घ्या. वरणभात, तूप, भाजीपोळी. उपाशीपोटी वाइन लगेच चढते. आपल्याकडच्या सावजी रश्श्यासारखं झणझणीत काही खाल्लं, तर जीभ तासभर बधिर होते आणि लाल वाइन नुसती तिखट-तुरट लागते. आणि खर्रा खाणाऱ्यांना कळकळीची विनंती. किमान त्या दुपारपुरता तो खिशातून काढून ठेवा. चुना आणि तंबाखूने रापलेल्या जिभेला कुठल्याच वाइनची चव लागत नाही, सगळे पैसे पाण्यात.

वायनरीत

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी सुला बघावी. राजीव सामंत ह्यांनी 1990च्या दशकात घरच्या जमिनीवर ती उभी केली. नाशिकची वाइन म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांसमोर येतं त्याची सुरुवात तिथे आहे. टूर ठरलेल्या वेळांना निघतात, समजावून सांगणारी माणसं तयार आहेत. गर्दी नको असेल तर गंगापूर धरणाच्या बाजूला यॉर्क आहे, धरणाचं पाणी समोर दिसतं. इगतपुरीकडे सांजेगावला व्हॅलोन आणि ग्रोव्हर झाम्पा आहेत, तिकडे रस्ता सुंदर पण वेळ जास्त. फसफसणारी वाइन हाच मुख्य रस असेल तर दिंडोरीला शँडन. माझं मत, साडेतीन-चारची टूर धरा. ऊन उतरलेलं असतं आणि सकाळी तोडून आणलेल्या मालावर काम चालू असतं. आधी फोन करून जागा राखा, आणि विचारा की आज क्रशिंग, म्हणजे द्राक्षं चिरडायचं काम, आहे का. ओळखपत्र सगळ्यांनी बाळगा. एकवीसच्या खालच्यांना वाइन देत नाहीत.

वेलींपाशी न्याल का, असं जरूर विचारा. आमच्या वेळी तिथल्या माणसाने शिराज ह्या वाइनच्या द्राक्षाचे चार मणी तोडून हातावर ठेवले. बाजारात आपण खातो ते थॉमसन किंवा शरद सीडलेस म्हणजे मोठा मणी, पातळ साल, बी नाही. हे मणी वाटाण्याएवढे, साल जाड आणि चावल्यावर तुरट, आत दोन-तीन बिया, आणि गोडी मात्र खायच्या द्राक्षापेक्षा कितीतरी जास्त. तो म्हणाला, बी चावून बघा. कुरकुरीत, तपकिरी बी म्हणजे माल तयार, हिरवी-कडवट म्हणजे अजून थांबायचं. मग त्याने मणी चिमटीत दाबला. साल जांभळी-काळी, रस जवळजवळ पांढरा. लाल वाइनचा रंग सगळा सालीतून येतो, म्हणून ती सालीसकट आंबवतात. पांढरी वाइन करताना आधी रस पिळून साल बाजूला काढतात. टूरमध्ये पुढे जे जे दाखवतात ते ह्या एका मण्यावरून समजून घेता येतं.

माझ्या नवऱ्याने तिथे गाईडला बाजूला सोडून बागेतल्या माणसाला गाठलं. संत्र्याचं कलम आपण जंबेरीच्या खुंटावर बांधतो, इथे खुंट कुठला? डॉगरिज, उत्तर आलं, पाणी कमी असलं आणि क्षार असले तरी तग धरतो. मग ओलांडा म्हणजे वेलीचा आडवा वाढवलेला भाग, काडी, डोळे फुटायला लावतात ती पेस्ट, पानावरचे भुरी आणि डाऊनी हे रोग, ह्यावर दोघं असे रंगले की टूर पुढे निघून गेली. शेतीचा काहीही संबंध असलेल्यांनी असंच करावं. विचारा की माल कमी का ठेवता. खायच्या द्राक्षात वजन बघतात. इथे वेलीवर मुद्दाम मर्यादित घड ठेवतात, म्हणजे साखर आणि चव एकवटते. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात.

आत गेल्यावर स्टीलच्या उंच टाक्या दिसतील, काहींवर दव साचलेलं. पांढऱ्या वाइनचा रस थंडीत, पंधरा अंशांच्या आसपास, सावकाश आंबवतात, नाहीतर तिचा फळाचा वास उडून जातो. लाल वाइन त्यापेक्षा बऱ्याच जास्त उष्णतेला आंबते. आंबताना कर्बवायू निघतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. टाकीच्या उघड्या तोंडावर वाकू नका, मुलांना कडेवर घ्या. ओकच्या पिंपांच्या खोलीत दोन मिनिटं न बोलता उभं राहा. व्हॅनिला, भिजलेलं लाकूड, थोडा आंबूस असा वास वेगवेगळा ओळखू येतो.

चाखायच्या वेळी पेला दांडीला धरा, पोटाला धरला की हाताच्या उबेने वाइन तापते. पांढऱ्या टेबलावर किंवा कागदावर धरून रंग बघा. मग पेला टेबलावरच ठेवून गोल फिरवा, नाक आत घाला. पहिला घोट गिळायची घाई करू नका, सगळ्या जिभेवरून फिरू द्या. आंबट कडेला लागतं का, तुरटपणा हिरड्यांना धरतो का, गिळल्यावर चव किती वेळ टिकते. सोव्हिन्यों ब्लांक ह्या पांढऱ्या वाइनला हिरव्या मिरचीचा, कापलेल्या गवताचा वास येतो. शेनिन ब्लांकही पांढरीच, ती फळाकडे झुकते, अनेकदा किंचित गोड असते. शिराजमध्ये मिरं. क्रम हलक्याकडून जडाकडे, कोरड्याकडून, म्हणजे गोडी नसलेलीकडून, गोडाकडे. मधे पाणी प्या. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला लाजू नका. जी माणसं हाच धंदा करतात ती सगळी थुंकतात. आणि कुणी घेत नसेल तर “अगं घे ना थोडी” हा आग्रह कुणीच करू नये. न पिणाऱ्यालाही टूर तितकीच रंगते. माझ्या सासूबाई घेत नाहीत, पण द्राक्षं पिळायच्या यंत्रापाशी त्यांचा सगळ्यात जास्त वेळ गेला.

बाटल्यांचं काय

ह्यावर माझं मत ठाम आहे. नाशिकहून नागपूरला बाटल्या आणू नका. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि समृद्धीने या की रेल्वेने, वर्धा लागतंच. शिवाय फेब्रुवारीच्या शेवटी बंद गाडीच्या डिकीत जी उष्णता होते त्यात वाइन शिजते, बूच वर सरकतं, घरी येऊन उघडली तर उकडलेल्या फळासारखी लागते. त्याऐवजी आवडलेल्या बाटलीचं लेबल मोबाइलवर टिपा. नाव, द्राक्ष, वर्ष. नाशिकच्या बहुतेक वाइन नागपुरातल्या दुकानांत मिळतात. फक्त दुकानात उन्हाच्या तावदानात उभी ठेवलेली बाटली घेऊ नका, आतल्या सावलीतली मागा.

घरी ती फ्रिजमध्येच ठेवा. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं म्हणतात, ते नागपूरच्या खोलीला लागू नाही. लालही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग ओता. उघडलेली तीन-चार दिवसांत संपवा. जेवणात वऱ्हाडी रस्सा असेल तर लाल घेऊ नका, तिचा तुरटपणा तिखटाला आणखी भडकवतो. थोडी गोडसर, चांगली गार शेनिन ब्लांक त्या रश्श्याशी छान जमते.

परतीच्या दिवशी वायनरीतून सहा-साडेसहाला निघा. सूर्यास्त बघायचा मोह होईल, तो तिथल्या व्हरांड्यातून दिसतोही सुरेख, पण गंगापूर रोडपासून नाशिक रोड स्टेशन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे आणि संध्याकाळच्या गर्दीत तासभर सहज जातो. मुक्कामी थांबून सामान उचलायचं, काहीतरी गरम जेवायचं, भरपूर पाणी प्यायचं. विदर्भ रात्री येते, बर्थ खालचा मागून घ्या. घोड्यावर बसलेल्या मांड्या दुसऱ्या सकाळपर्यंत चांगल्या आखडतात, वरच्या बर्थवर चढवत नाही.